देवळालीचा फोटो आणि नौपाड्यातील दुरुस्ती

माझ्या चुलत आजोबांचा, म्हणजे अण्णा आजोबांचा, एक फोटो आमच्या घरी आहे. त्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे सहा जवान आहेत, तिघे खुर्च्यांवर बसलेले आणि तिघे मागे उभे. फोटोच्या पाठीवर फिकट शाईत ‘देवळाली, ऑगस्ट १९४५’ एवढेच लिहिलेले आहे. मलायाच्या, म्हणजे आजच्या मलेशियाच्या, किनाऱ्यावर समुद्रमार्गे चढाई करायची असल्याचे कळले, तेव्हा घरी एखादी खूण राहावी म्हणून सर्वांनी पैसे काढून हा फोटो काढून घेतला, असे आजोबा सांगत. ठाण्याच्या पावसाळ्यांनी त्यावर बुरशी चढली होती, कडांना चंदेरी झाक आली होती आणि घडीची भेग नेमकी एका जवानाच्या गालावरून गेली होती. नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत, जुने फोटो दुरुस्त करून देणारे एक लहानसे दुकान आहे. तेथे हा फोटो दिला, त्याचा हा अनुभव.

त्याआधी एका झगमगीत ठिकाणी हेच काम करून पाहिले होते. अर्ध्या तासात रंगीत प्रत हातात आली आणि आईने ती पाहून ‘हे कोण?’ असे विचारले. संगणकाने सहाही जणांना एकसारखे डोळे दिले होते, आजोबांच्या तोंडावरचे देवीचे व्रण गुळगुळीत केले होते आणि टोपीवरच्या बिगुलाच्या बिल्ल्याचे चक्क फूल करून टाकले होते. ५ जून १९४४ रोजी, नॉर्मंडीवरील चढाईच्या आदल्या संध्याकाळी, दोस्त राष्ट्रांचे सरसेनापती आयझेनहॉवर छत्रीधारी सैनिकांशी बोलत असतानाचा जो प्रसिद्ध फोटो आहे, त्याच्या त्या वेळी प्रसृत झालेल्या प्रतींत सैनिकांच्या दंडावरची चिन्हे सेन्सॉरने खोडली होती. पण तेथे तुकडी कोणती हे शत्रूला कळू नये, असे कारण तरी होते. आमचा बिल्ला विनाकारण गेला.

नौपाड्यातील दुकानदाराने फोटो हातात घेण्याआधी सुती हातमोजे घातले, मऊ ब्रशने धूळ काढली आणि स्कॅन माझ्यासमोरच केला. मग पडद्यावर एकेक जागा मोठी करून दाखवत तो विचारत गेला, ‘काका, ही बुरशी, ही काढतो. हा व्रण आहे ना? मग राहू दे.’ उजवीकडे उभ्या असलेल्या जवानाचा हात पुसट आला आहे, कारण कॅमेऱ्याचा पडदा उघडा असतानाच त्याने तो हलवला असावा. तो हात स्पष्ट करता येईल का, असे मीच विचारले. तेथे बोटे दिसतच नाहीत, तेव्हा काढली तर ती माझी बोटे होतील, असे तो म्हणाला आणि हात आहे तसाच राहिला. मला तो हात राहिल्याचे फार समाधान आहे, कारण ज्या दोघांची नावे आम्हाला ठाऊक आहेत त्यांपैकी एक आजोबा आणि दुसरा हा.

ज्या चढाईसाठी हे सारे निघाले होते, ती लढाई झालीच नाही. जपानने १५ ऑगस्टला शरणागती जाहीर केली, तरी आखलेली मोहीम पार पडली आणि ९ सप्टेंबरला मलायातील मोरीबच्या किनाऱ्यावर सैन्य उतरले. समोर शत्रू नव्हता, पण वाळूखालच्या चिखलात गाड्या रुतून बसल्या. आजोबांची पलटण पुढे ४९ व्या ब्रिगेडबरोबर जावातील सुराबाया येथे गेली. तेथे इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यसैनिकांशी झालेल्या ज्या लढाईत ३० ऑक्टोबरला या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले, त्याच दिवसांत हात हलवलेला तो जवानही गेला. महायुद्ध संपल्याची बातमी त्याच्या गावी तोवर केव्हाच पोहोचली होती.

तक्रारी दोन आहेत. दहा दिवसांचा वायदा होता आणि काम तेविसाव्या दिवशी मिळाले. मधल्या काळात फोन केला की ‘उद्या नक्की’ हेच उत्तर. शिवाय फ्रेमला साधी काच बसवली होती, ती दिवाणखान्यातील ट्यूबलाइट परावर्तित करते. चमक न येणारी काच आधी सुचवायला हवी होती, ती नंतर सातशे रुपये देऊन बदलून घेतली. स्कॅन, दुरुस्ती, मॅट कागदावरच्या दोन प्रती, आम्लविरहित माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि फ्रेम यांचे मिळून तीन हजार आठशे रुपये झाले, जे कामाच्या मानाने मला रास्त वाटले. मूळ फोटो वेगळ्या पाकिटात, मागे पुठ्ठा घालून परत मिळाला. गाडी नेऊ नये, गल्लीत ती उभी करायला जागाच नाही.

माउंटच्या खालच्या पट्टीवर दोन नावे लिहून घेतली. उरलेल्या चौघांसाठी ‘अनोळखी’ असे लिहा, असे मी सांगितले होते, पण दुकानदाराने त्या चार जागा कोऱ्या ठेवल्या आहेत. नावे सापडली तर फ्रेम घेऊन या, उघडून लिहून देतो, त्याचे पैसे घेणार नाही, असे त्याने बिलाच्या मागे स्वतःच्या हाताने लिहून दिले आहे.