घरच्या सिंगल फेजवर दोन एचपीचा लेथ : व्हीएफडीचे परीक्षण

कोल्हापूरच्या उद्यमनगरातून घेतलेल्या जुन्या लेथला (धातू कातण्याच्या यंत्राला) दोन एचपीची थ्री फेज मोटर आहे आणि घरची वीजजोडणी सिंगल फेजची आहे; म्हणून २३० व्होल्ट सिंगल फेज घेऊन तेवढ्याच व्होल्टचा थ्री फेज पुरवठा देणारी १.५ किलोवॉटची व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारे विद्युत उपकरण, बसवली. लेथसाठी ती उत्तम आहे. मात्र ती कोणत्याही मोटरला चालत नाही, आणि नेमके हेच दुकानदाराने सांगितले नव्हते.

ही व्हीएफडी आलेल्या विजेचे आधी सुमारे ३२५ व्होल्ट डीसी करते व त्यातून तीन फेज तयार करते. तिच्यातून ४१५ व्होल्ट मिळत नाहीत. आपल्याकडच्या दोन एचपीपर्यंतच्या मोटरी बहुधा ४१५ व्होल्टसाठी स्टारमध्ये (तिन्ही वायंडिंगचे एकेक टोक एकत्र) जोडलेल्या असतात, म्हणजे प्रत्येक वायंडिंगला २४० व्होल्टच मिळत असतात. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोके असतील तर जोडपट्ट्या बदलून डेल्टा (तिन्ही वायंडिंग त्रिकोणात) जोडणी करावी, की मोटर २३० व्होल्टवर जवळपास पूर्ण ताकदीने चालते. तीनच टोके बाहेर असतील तर मोटर वायंडिंगवाल्याकडे न्यावी लागते. तीन एचपी आणि त्यापुढच्या मोटरी बहुतेक मुळातच डेल्टात असतात. त्यांना प्रत्येक वायंडिंगला ४१५ व्होल्ट लागतात, म्हणून त्यांचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) या व्हीएफडीवर साधारण २८ हर्ट्झनंतर, म्हणजे ५० हर्ट्झच्या पूर्ण वेगाच्या निम्म्याहून थोडे पुढे गेल्यावर, घसरू लागतो.

शेतीपंपांवर कॅपॅसिटर लावून तिसरा फेज काढण्याची पद्धत जुनी आणि स्वस्त आहे, पण त्यात तिन्ही वायंडिंगमधला प्रवाह असमान राहतो, मोटर तापते आणि सुरुवातीचा जोर कमी पडतो. व्हीएफडीवर मात्र जड चकसुद्धा (कातायचा तुकडा पकडणारा भाग) हळूहळू वेग घेतो, घरातले दिवे मंदावत नाहीत आणि प्रत्येक वेळी पट्टा न बदलता वेग कमी-जास्त करता येतो. फार कमी वेगावर मोटर फार वेळ चालवू नये, कारण तिचा पंखा तिच्याच शाफ्टवर असल्याने तोही मंदावतो.

सोबतची माहितीपुस्तिका मात्र अत्यंत निकृष्ट आहे. व्हीएफडीच्या सेटिंगमध्ये मोटरचा करंट डेल्टाचा भरायचा, स्टारचा नव्हे, ही महत्त्वाची गोष्ट तिच्यात कुठेच नाही. पूर्ण भारावर इनपुटचा प्रवाह १४ अँपिअरच्या आसपास जातो, त्यामुळे भिंतीतल्या सॉकेटवर भागवू नये. स्वतंत्र एमसीबी, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि पक्के अर्थिंग वायरमनकडून करून घ्यावे. वीज बंद केल्यावरही आतले कॅपॅसिटर काही काळ भारित राहतात, म्हणून झाकण लगेच उघडू नये. लेथवरचा जुना ड्रम स्विच मोटर आणि व्हीएफडी यांच्यामध्ये ठेवू नये. चालू-बंद करणे आणि उलट फिरवणे व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलवरूनच करावे.