फेडसाठी लेन्स घेतली आणि ५,७०० रुपये घालवले

मामांचा फेड-२, हा जुना सोव्हिएत फिल्म कॅमेरा, माझ्याकडे आला तेव्हा लेन्समध्ये बुरशीचं जाळं धरलं होतं. बाकी कॅमेरा ठणठणीत, खारकीव्हच्या कारखान्यातला. नुसती लेन्स हवी होती. मुंबईत जुने कॅमेरे विकणाऱ्या एकानं फोटो पाठवला: इंडस्टार-५०, ५० मिमी, एफ ३.५. "फेडचीच आहे साहेब, ३९चे आटे, डोळे झाकून लावा." मी खरंच डोळे झाकले. ४,५०० रुपये.

आली ती पेढ्यासारखी चपटी. आटे अलगद बसले. एकच गोष्ट खटकली. फेडच्या व्ह्यूफाइंडरमध्ये मधल्या ठिपक्यात दोन प्रतिमा दिसतात, लेन्स फिरवली की त्या सरकत एक व्हायला हव्यात. त्या जागच्या हलेचनात. फोन केला तर म्हणाला, "ग्रीस सुकलंय, पाठवून द्या." पाठवला. १,२०० घेतले, कॅमेरा होता तसाच परत, वर सल्ला: "म्हातारा झालाय तो, लेन्सवरचे आकडे बघून अंतर लावा."

तेही ऐकलं! पुतणीच्या बारशाचा ३६ फोटोंचा अख्खा रोल धुऊन आला तो नुसता धुक्याचा. पाळणा कुठला आणि त्यावर वाकलेली ताई कुठली, काही कळेना. या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघतच नाही, वरच्या खिडकीतून बघतो. रोल धुतल्याशिवाय फसल्याचा पत्ता लागत नाही.

पुण्यातल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्या काकांनी लेन्स काढून नुसती उलटी धरली. "ही झेनिटची." झेनिट हाही सोव्हिएत कॅमेरा, पण त्यात लेन्समधून बघण्यासाठी आरसा असतो, म्हणून लेन्स बसते त्या कड्यापासून फिल्म ४५.२ मिमी लांब. फेडमध्ये हेच अंतर २८.८. आटे दोन्हीकडे ३९ मिमीचेच, आणि घात होतो तो तिथेच, कारण नावही दोन्ही लेन्सवर तेच कोरलेलं. फेडच्या लेन्सला मागे एक कडं असतं, फोकस फिरवला की पुढे-मागे होणारं. ते कॅमेऱ्यातली छोटी दांडी दाबतं आणि प्रतिमा सरकतात. माझ्या लेन्सला ते कडंच नव्हतं. ग्रीस कसलं नि काय.

घरी ताडून पाहिलं. फेडचं पाठचं झाकण पूर्ण निघतं. ते काढून फिल्मच्या जागी बटर पेपर धरला, शटर 'बी'वर उघडं ठेवलं, फोकस अनंतावर. समोरची पाण्याची टाकी नुसता डाग. कागद हळूहळू मागे नेला तर दीड सेंटीमीटरच्या थोडं पुढे टाकी लख्ख, शिडीसकट! ४५.२ वजा २८.८, म्हणजे १६.४. पाच मिनिटांचं काम, रोल भरण्याआधी करायचं सुचलं नाही. कोणी लेन्स विकायला आलं तर आधी तिच्या पाठीचा फोटो मागा; पुढच्या नावाला काही अर्थ नाही.

विकणाऱ्याकडे पैसे मागितले तर म्हणतो, "आटे बसले ना? मग?"

परवा त्याच माणसानं सोनेरी मुलाम्याच्या 'लायका'चा, म्हणजे नामांकित जर्मन कॅमेऱ्याचा, फोटो पाठवला, वर १९३६च्या ऑलिम्पिकचं चिन्ह. असले लायका म्हणजे बहुधा फेड नाहीतर झोर्की या तसल्याच सोव्हिएत कॅमेऱ्याला चढवलेला साज. खऱ्या लायकात त्या दांडीच्या टोकाला फिरतं चाक असतं, सोव्हिएत कॅमेऱ्यात सहसा अखंड जीभ. मी एवढंच लिहिलं: लेन्स काढून आतल्या दांडीचा फोटो पाठवा. दोन निळ्या खुणा झाल्या, फोटो अजून आलेला नाही.