जांभ्याच्या भिंती, पाच संगणक आणि एक राउटर: सात महिन्यांच्या वापरानंतर

बेळगावच्या शहापुरातील आमचे घर जुन्या बांधणीचे आहे. रस्त्याकडे सोपा, त्यामागे माजघर, मग स्वयंपाकघर आणि वर माडी. भिंती जांभ्याच्या, दीड हात जाडीच्या. घरात पाच संगणक चालतात. थोरल्या दादांचा हिशेबाचा संगणक सोप्यात आहे, पुण्याच्या कंपनीचे काम घरून करणाऱ्या वहिनी माडीवर बसतात, मुलांचे दोन लॅपटॉप माजघरात असतात आणि माझा परसाकडच्या खोलीत. या सर्वांना वाय-फाय पुरवण्यासाठी गुढीपाडव्याला मी एसी १२०० श्रेणीचा, दोन बँडचा (म्हणजे दोन लहरीपट्ट्यांवर चालणारा) राउटर घेतला.

खोक्यावरील १२०० या आकड्याचा अर्थ आधी समजून घ्यावा. तो २.४ गिगाहर्ट्झ बँडचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ मेगाबिट यांची बेरीज (११६७) वरच्या पूर्ण आकड्यावर नेऊन काढलेला असतो, आणि कोणत्याही एका लॅपटॉपला तो वेग मिळत नाही. आमची इंटरनेट जोडणीच १०० मेगाबिटची असल्याने मला वेगापेक्षा पोहोच महत्त्वाची होती.

नेमकी तिथेच सुरुवातीला निराशा झाली. इंटरनेटची फायबर तार सोप्यात येते, म्हणून सेवा देणाऱ्यांच्या तंत्रज्ञाने नवा राउटर ती तार जोडलेल्या त्यांच्या पेटीशेजारीच लाकडी कपाटात ठेवून दिला. माडीवर वहिनींना जेमतेम सात-आठ मेगाबिट मिळत होते आणि ऑनलाइन बैठकीत त्यांचा आवाज तुटत होता. ५ गिगाहर्ट्झवर वेग जास्त मिळत असला तरी त्या लहरी जाड भिंतीपुढे लवकर क्षीण होतात, २.४ च्या त्यामानाने पुढे जातात, पण त्या बँडवर शेजारच्या घरांचीही गर्दी असते. पावसाळ्यात माजघरातला वेगही घटला. जांभा सच्छिद्र असतो, आषाढ-श्रावणात तो पाणी धरून ठेवतो आणि पाणी या लहरी शोषते, त्यामुळे मला त्याचे नवल वाटले नाही.

दुसरी अडचण मला अधिक दिवस छळत राहिली. सेवा देणाऱ्यांची पेटी स्वतःच राउटरचे काम करते, हे मला कोणी सांगितले नव्हते. दोन्ही उपकरणे जोडलेल्या संगणकांना आपापले नेटवर्क-पत्ते वाटत असल्याने घरात एकात एक अशी दोन जाळी तयार झाली होती. प्रिंटर नव्या राउटरवर आणि दादांचा संगणक जुन्या पेटीवर, त्यामुळे त्यांना कधीच छापता येत नव्हते. नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ हा प्रकार निवडल्यावर पत्ते वाटण्याचे काम एकट्या पेटीकडे राहिले आणि प्रिंटर पाचही संगणकांना दिसू लागला.

खरा फरक मात्र खडेबाजारातून आणलेल्या अठरा मीटर कॅट-६ नेटवर्क वायरने पडला. सोप्यातील पेटीपासून ती जिन्याच्या माथ्यापर्यंत नेली आणि राउटर तिथे, उघड्यावर, उंच जागी लावला. विजेच्या तारांपासून ती वेगळी ठेवली. वहिनींना आता सतत नव्वदच्या आसपास वेग मिळतो. दोन्ही बँडना वेगळी नावे दिली, कारण नाव एकच असताना त्यांचा लॅपटॉप वारंवार २.४ लाच चिकटत असे. २.४ साठी १, ६ आणि ११ हेच चॅनेल (बँडमधील उपविभाग) एकमेकांवर चढत नाहीत. आमच्या गल्लीत ११ मोकळा निघाला, तो कायम केला.

आमच्याकडे वळवाच्या पावसात वीज जाते, म्हणून १२ व्होल्टचे दोन छोटे बॅटरी-यूपीएस घेतले, एक पेटीला आणि एक राउटरला. एकालाच बॅटरी देऊन काही साधत नाही. गडगडाट सुरू झाला की मात्र मी दोन्हींचे प्लग काढतो. फायबरमधून वीज वाहत नाही, पण विजेच्या जोडणीतून आणि तांब्याच्या वायरमधून धक्का येऊ शकतो.

राउटरबद्दल एकच तक्रार आहे. उन्हाळ्यात तो बराच तापत असे आणि दोन वेळा बंद करून पुन्हा सुरू करावा लागला. भिंतीपासून चार बोटे पुढे आणल्यावर तसे झाले नाही. वाय-फायचा पासवर्ड, व्यवस्थापनाचा मूळ पासवर्ड आणि फर्मवेअर (राउटरची आतली प्रणाली) पहिल्याच दिवशी बदलले आणि बटण दाबून जोडणी करण्याची डब्ल्यूपीएस सोय बंद केली.

परसाकडच्या खोलीत अजूनही २.४ वरच भागवावे लागते. तिथवर दुसरी वायर नेण्यासाठी भिंतीला भोक पाडायचे आहे, पण ओल असल्यामुळे गवंड्यांनी ते काम पुढे ढकलले आहे. तुळशीच्या लग्नानंतर ते करून घेणार आहे.