‘घरीच बसवा’ म्हणाला, आणि घरी बसवलं म्हणून वॉरंटी नाकारली

गाडीचे उंची आणि कडकपणा कमी-जास्त करता येणारे शॉकअप (धक्के झेलणारे दांडे) फोनवरून मागवायच्या विचारात असाल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझे अडतीस हजार गेले त्याचं दुःख आहेच. पण संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ओंकारेश्वरला जाताना भैरव घाटाच्या उतारावर ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढत होती, आणि मागच्या सीटवर आई बसली होती.

विकणारा पुण्याचा आहे म्हणाला. इंदूरात राहणाऱ्या आपल्या माणसाला फोनवर कोणी मराठीत ‘काका, काळजी करू नका’ म्हटलं की आधार वाटतो, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मी शॉकअप गॅरेजमध्ये बसवून घेणार होतो. तोच मागे लागला, ‘कशाला मजुरी घालवता? जुना काढायचा, हा लावायचा. घरीच होतं.’ बसवण्याचा व्हिडिओही त्यानेच पाठवला. त्या आग्रहामागे काय होतं ते नंतर कळलं.

माझा भाचा पीथमपूरला फिटर आहे. त्याने इंदूरच्या लोकमान्यनगरात आमच्या घरासमोर गाडी जॅकवर उचलून घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवली, ब्रेकचा पाइप आणि एबीएसची (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर शॉकअपच्या पट्टीवरून सोडवली, नकलचे (शॉकअप चाकाला जोडणाऱ्या सांध्याचे) दोन्ही बोल्ट टॉर्कच्या पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोराने, आवळले. चारही कोपऱ्यांची उंची टेपने मोजून जुळवली आणि दुसऱ्याच दिवशी व्हील अलाइनमेंट करून घेतली. हे सविस्तर सांगतोय, कारण पुढे सगळं खापर याच कामावर फुटलं.

थोड्याच दिवसांत पुढून धडधड सुरू झाली. स्पीडब्रेकरवरून उतरलं की गाडी झोपाळ्यासारखी हलत राहायची. घाटातून परतल्यावर शॉकअप काढले आणि शेजारच्या काकांना दाखवले. काकांची उमेदीची वर्षं देवासच्या शॉकअप कारखान्यात गेली. त्यांनी स्प्रिंग उतरवून दांडी तळहाताने खाली दाबली. गॅस भरलेल्या शॉकअपची दांडी आपोआप, एका वेगाने वर यायला हवी, आणि जाहिरातीत तर ‘गॅस’ असं ठळक लिहिलं होतं. उजवीकडची कशीबशी आली. डावीकडची दाबली तिथेच राहिली. कडकपणाचं बटण फिरवलं की टक-टक वाजायचं, पण पूर्ण सैल आणि पूर्ण कडक यांत हाताला काडीचाही फरक लागेना. काका म्हणाले, टक-टक करते ती आतली गोळी आणि तिची स्प्रिंग. तेलाची वाट बारीक करणारी सुई नसेल, तर ते बटण नुसतं वाजतं.

मग त्यांनी नळीच्या आट्यांमध्ये नख घातलं. निळा रंग पापुद्र्यासारखा सुटला. खाली दुसरा काळा रंग, त्याखाली गंज. तळाशी, पट्टीच्या आड, वेल्डिंगचा एक ठिपका घासून सपाट केलेला. जुन्या शॉकअपला भोक पाडायचं, तेल भरायचं, भोक बुजवायचं आणि रंग मारायचा, असा हा धंदा. दांडीवर बारीक खड्डे होते. त्यांनीच सील फाटलं आणि तेल गळलं. डावीकडे दम नसलेला शॉकअप, म्हणून ब्रेकला गाडी तिकडे झुकत होती.

फोन केला तर तोच गोड आवाज बदलला. ‘घरी बसवलंत ना? मग वॉरंटी संपली.’ त्याचाच व्हिडिओ त्याला परत पाठवला, तर म्हणाला, ‘गाडीत असा बदल करणंच बेकायदा आहे. तक्रार केलीत तर तुम्हीच अडकाल.’ या धमकीनेच बरेच जण गप्प बसत असतील, म्हणून स्पष्ट लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधन आहे हे खरं. म्हणून असं काही लावण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीकडे विचारूनच घ्या. पण त्याने जुना माल नवा म्हणून विकणं हा वेगळा विषय आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(47) मध्ये दुरुस्त केलेली किंवा जुनी वस्तू नवी म्हणून खपवणं ही अनुचित व्यापारी प्रथा म्हणून सरळ नोंदलेली आहे. तक्रारीसाठी पुण्याला जावं लागत नाही. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात ती करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही.

बिलावर पत्ता पुण्याचा, पण जीएसटी क्रमांक 07 ने सुरू होणारा. 07 म्हणजे दिल्ली. महाराष्ट्राचा 27, आपल्या मध्य प्रदेशचा 23. जीएसटीच्या पोर्टलवर तो क्रमांक टाकला तर भलत्याच नावाची पेढी निघाली. ही तपासणी फुकट आहे आणि पैसे देण्याआधी करता येते. पैसे दुकानाच्या नव्हे, एखाद्या माणसाच्या खात्यावर मागितले तर तिथेच थांबा. गेलेच असतील तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, लवकर कळवलं तर रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. मालाच्या तक्रारीसाठी 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

खोकं उघडताना व्हिडिओ काढा. गाडीला लावण्याआधी दांडी दाबून बघा, डाव्या-उजव्याची तुलना करा, आट्यांत नख घाला, तळाशी वेल्डिंग शोधा. एकदा बोल्ट आवळले की तो ‘तुम्हीच बिघडवलं’ म्हणायला मोकळा. आणि ‘घरी बसवलं तरी वॉरंटी राहील’ हे एक वाक्य त्याच्याकडून लेखी घ्या. माझ्या विकणाऱ्याने ते कधीच लिहून दिलं नसतं.

आमच्या गाडीला आता कंपनीचे साधे शॉकअप आहेत. आयोगात तक्रार दाखल केली आहे. निळे शॉकअप भंगारवाला घ्यायला तयार होता, पण दिले नाहीत. एक तर तो पुरावा आहे, आणि भंगारात गेले तर पुन्हा रंग लागून दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीखाली जातील.