फोटोशॉपचं टिल्ट-शिफ्ट: किल्ल्यावरून झकास, दीपस्तंभापाशी अडतं

फोटोतलं गाव खेळण्यातलं दिसावं म्हणून फोटोशॉपमध्ये टिल्ट-शिफ्ट नावाचा एक ब्लर, म्हणजे फोटो धूसर करणारा फिल्टर आहे. सीएस६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून. गोव्यातल्या फोंड्याच्या आमच्या स्टुडिओत तो लग्नाच्या अल्बमच्या शेवटच्या पानावर चालतो: मांडव, गाड्यांची रांग, पंगतीला निघालेली माणसं, सगळं वरून टिपायचं आणि इवलंसं करून टाकायचं. "पात्रांव, हें खेळण्यासारकें दिसता," असं एक काका पान बघून म्हणाले. तक्रार करताहेत की कौतुक, ते त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. पैसे मात्र पूर्ण दिले.

वापरायला सोपं आहे. फिल्टर, ब्लर गॅलरी, टिल्ट-शिफ्ट. फोटोच्या मधोमध एक गोल येतो, त्याच्या दोन्ही बाजूंना एक-एक अखंड आणि एक-एक तुटक रेषा. अखंड रेषांच्या मधला पट्टा स्पष्ट राहतो, तिथून तुटक रेषेपर्यंत धूसरपणा चढत जातो, पलीकडे सगळं विरघळलेलं. डोळा फसतो तो एवढ्यानेच. छोटी वस्तू अगदी जवळून टिपली की फोकसमध्ये जेमतेम पेरभर जागा येते. पाचशे मीटरवरचं गाव टिपलं तर पुढचं-मागचं सारंच स्पष्ट. गावाच्या फोटोत तो अरुंद पट्टा दिसला की आपण समजतो, हे काहीतरी टेबलावर मांडलेलं असणार.

मी नवीन काही तपासायचं झालं की रेईश मागूशच्या किल्ल्यावरून टिपलेला एक फोटो उघडतो. खाली मांडवी, पाण्यात एक बार्ज (मालवाहू बोट), पलीकडे पणजी. पट्टा बार्जवर ठेवला, अलीकडची झाडं आणि पलीकडच्या इमारती धूसर केल्या, की नाताळच्या गोठ्यात आरशाचं पाणी करून त्यावर होडी ठेवतात तसं दिसतं. इथे हे हत्यार चोख काम करतं, कारण उंचावरून बघताना फोटोत जे वर ते लांब आणि जे खाली ते जवळ, हा हिशेब जुळतो.

फोटोशॉप सुरुवातीला ब्लर १५ पिक्सेल धरून देतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोला तेवढा पुष्कळ होतो. २४ मेगापिक्सेलच्या फाईलवर जाणवतसुद्धा नाही, तिथे मी चाळीसच्या आसपास जातो. डिस्टॉर्शन, म्हणजे धूसर भागाचा आकार वाकवणारा स्लायडर, शून्यावरच राहू द्या. लाइट बोके (धूसर दिवे आणखी उजळ करणारा) रात्रीच्या पणजीला, कॅसिनोच्या बोटींच्या दिव्यांना थोडा द्यावा, दिवसा अजिबात नको. नंतरच्या आवृत्त्यांत नॉइजचा, म्हणजे फोटोतल्या बारीक दाण्यांचा टॅब आला तो खरा उपयोगाचा: धूसर भागातले दाणे पुसले जातात आणि पट्ट्यातले राहतात, ती चोरी मोठ्या प्रिंटमध्ये लगेच पकडली जाते. टॅबमधून दाणे परत भरता येतात.

आता अडतं कुठे. मंगेशीच्या देवळाचा सात मजली दीपस्तंभ घ्या. पट्टा त्याच्या पायथ्याशी ठेवला की खालचे मजले स्पष्ट आणि वरचे धुक्यात. पण वरचा मजला काही पायथ्यापेक्षा लांब उभा नाही! खऱ्या खेळण्यात तो नखशिखांत स्पष्ट आला असता. हत्यार अंतर मोजत नाही, फक्त रेषेच्या वर की खाली एवढंच बघतं. चर्चचे मनोरे, माड, अटल सेतूचे खांब, सगळ्यांची हीच गत. मग लेयर (फोटोचा थर) आधी स्मार्ट ऑब्जेक्ट करायचा, म्हणजे फिल्टर नंतरही बदलता येतो, आणि फिल्टर कुठे लागावा ते ठरवणाऱ्या मास्कवर काळा ब्रश फिरवायचा, खांब परत स्पष्ट. पण त्याच्या कडेने आकाशात एक पांढुरकी साय उरते; खांबाचा रंग ब्लरमध्ये आजूबाजूला सांडलेला असतो. ती घालवायची तर दीपस्तंभ वेगळ्या लेयरवर कापून घ्या, खालच्या लेयरवरून तो पुसून तिथे आकाश भरा, ब्लर त्या खालच्या लेयरला द्या, मग वरचा दाखवा. दोन मिनिटांचं काम अर्ध्या दुपारचं होतं. गिऱ्हाइकाला त्याचं बिल लावता येत नाही, ही वेगळी कथा.

खरी टिल्ट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यावर तिरपी करता येणारी लेन्स घेतली तरी हा त्रास पूर्ण टळत नाही, तिथेही फोकसची पातळी तिरपीच होते. शाइम्पफ्लुग या ऑस्ट्रियन कॅप्टनने १९०४ च्या पेटंटात मांडलेलं तत्त्वच ते. कॅननने १९७३ साली ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी टिल्ट आणि शिफ्ट (तिरपं होणं आणि बाजूला सरकणं) दोन्ही करणारी लेन्स काढली. कॅननच्या आजच्या अशा लेन्सची किंमत लाखाच्या वर. एका पानासाठी कोण घेणार?

उजेडाचं म्हणाल तर कडक ऊन हवं, सावल्या काळ्या आणि आखूड. सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) एरवी वाढवू नये तेवढं वाढवा. लाल कौलं आणि हिरवी झाडं रंगवल्यासारखी दिसली पाहिजेत. पावसाळ्यातल्या ढगाळ फोटोवर कितीही रेषा ओढा, तो ढगाळ फोटोच राहतो.

मोबाईलवर स्नॅपसीड हे फोटोचं अ‍ॅप फुकट आहे. लेन्स ब्लरमध्ये सरळ पट्टा निवडायचा, दोन बोटांनी फिरवायचा, व्हिन्येट (कडांना येणारा काळोख) शून्यावर आणायचं. खांबाची भानगड नसेल तर स्टेटससाठी कुणाला फरक कळणार नाही. फोटोशॉप सीएस६ नंतर भाड्यानेच मिळतं, तेव्हा केवळ ह्या एका गमतीसाठी कुणी ते भाडं भरू नये. आधीपासून भरत असाल तर जरूर वापरा. माझ्याकडून पाचात साडेतीन.

आणि लग्न ठरलेल्यांनो, असं पान हवं असेल तर हॉल बुक करतानाच गच्चीची चावी कुणाकडे असते ते विचारून ठेवा. मुहूर्ताच्या वेळी तो माणूस हमखास जेवायला बसलेला असतो.