मोठ्या पोटाचा मॅनिफोल्ड आणि अंबड चौफुलीचे चाचा

आधी हिशेब सांगतो, घाईत असणाऱ्यांनी तेवढा वाचून निघावं. ऑनलाइन मागवलेला अ‍ॅल्युमिनियमचा 'परफॉर्मन्स' इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनच्या सगळ्या सिलेंडरांना हवा वाटून देणारा जाड पाइप): 14,500 रुपये, गाडीला बसलाच नाही. जुनाच मॅनिफोल्ड खोलून, धुऊन, नव्या गॅस्केटवर (जोडातून हवा गळू नये म्हणून मध्ये घालतात ती पट्टी) परत बसवला, सोबत एक होज आणि एअर फिल्टर बदलला: 5,700 रुपये, आणि गाडी मांजरसुंब्याचा घाट पुन्हा तिसऱ्या गिअरात चढायली.

आता सविस्तर. गाडी 2018 ची, बीएस-4, अडीच लिटरचं चार सिलेंडरचं टर्बो डिझेल इंजिन. आपल्याकडं जिला कंपनीचं नाव न घेता सगळे नुसतं 'पिकअप' म्हणतात, तीच. दोन लाख दहा हजार किलोमीटर झालेत. गाव अंबड तालुक्यात, शहागडच्या अलीकडं. जाताना जालन्याला मोसंबी, येताना कारखान्यातून सळई, आणि महिन्यातून दोनदा गेवराई, बीड करत सोलापूर. म्हणजे गाडी रिकामी अशी धावतच नाही.

गेल्या वर्षापासून तिचा दम गेला होता. सपाटीला कळायचं नाही. पण 70 कॅरेट भरून बीडच्या पुढं चढ लागला की पाय पार फळीला टेकवला तरी गाडी ओढंना. दुसरा गिअर, मागं काळा धूर, आणि धुरातून बाहेर येणारा मोटारसायकलवाला शेजारून जाताना काय बोलायचा ते इथं लिहीत नाही. 12 चं अ‍ॅव्हरेज साडेनऊवर आलं. पीयूसीवाल्यानं धूर मोजायची नळी लावली आणि मशीनकडं न बघता माझ्याच तोंडाकडं बघितलं.

पुतण्या आयटीआयला आहे, डिझेल मेकॅनिकला. तो म्हणला, "काका, गाडीचा श्वासच बारीक हाय. मॅनिफोल्ड मोठा टाका." मग रोज रात्री जेवल्यावर मला अमेरिकेतले व्हिडिओ दाखवायला लागला. तिकडं ती रॅम पिकअप असते, तिच्यात कमिन्सचं 5.9 लिटरचं सहा सिलेंडरचं इंजिन. लोक त्याच्यावरचा हवेचा पाइप आणि मॅनिफोल्डचं झाकण काढून मोठं बसवतात आणि मागं ट्रेलर लावून डोंगर चढतात. आमच्या पोराच्या एक लक्षात आलं नव्हतं आणि माझ्याही नाही. त्या इंजिनात मॅनिफोल्ड हेडमध्येच, म्हणजे सिलेंडरांवरच्या झाकणातच, ओतलेला असतो, वरचं झाकण आणि पाइपच बदलता येतो. आणि तिथं हे काम करणारा माणूस कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून डिझेलही वाढवून घेतो. व्हिडिओत ते शेवटी सांगतात. आम्ही शेवटपर्यंत बघत नव्हतो.

तर मागवला. 'तुमच्याच मॉडेलला फिट' असं लिहिलं होतं. खोक्यातून निघाला तेव्हा अगदी चांदीच्या समईसारखा चमकत होता, वेल्डिंग सुबक, पोट जुन्याच्या दीडपट. बायको म्हणली, "हे गाडीला लावायचंय का देवघरात ठेवायचंय?"

तो घेऊन मी जालन्याला अंबड चौफुलीच्या पुढं एका गॅरेजला गेलो. नाव लिहीत नाही, कारण पाटीच नाही. पत्र्याचं शेड, बाहेर दोन उघडे गिअरबॉक्स आणि एक लिंबाचं झाड. मिस्त्रीला सगळे चाचा म्हणतात. साठीचे असतील. त्यांनी माझा चमकता मॅनिफोल्ड हातात घेतला, उलटा केला, आणि गॅरेजच्या पोराला म्हणले, "नई गॅस्केट ला रे, इसी गाडीकी."

नवीन गॅस्केट त्यांनी त्याच्यावर ठेवलं. बोल्टची भोकं जुळली, म्हणून मी खूश. चाचा काही बोलले नाहीत, माझं बोट धरून पोर्टच्या, म्हणजे हवा जायच्या भोकाच्या, कडेवर फिरवलं. गॅस्केटचं भोक आणि मॅनिफोल्डचं भोक यांत नखभर पायरी होती, चारपैकी तीन पोर्टांना. हवा सरळ आत जायच्या ऐवजी त्या पायरीवर आपटणार. पुढं त्यांनी बूस्ट सेन्सरची जागा शोधली. नव्हतीच. सेन्सर बसवायला भोक नाही, बैठक नाही, काही नाही. म्हणजे कॉम्प्युटरला आत हवेचा दाब किती आहे हे कळणारच नाही, आणि ते कळलं नाही तर डिझेल किती सोडायचं हेही नाही.

"आणि बसला असता तरी?" मी विचारलं. 14,500 गेलेला माणूस असं विचारणारच.

चाचांचं उत्तर मला पाठ आहे. "भाऊ, पेट्रोलच्या गाडीत हवा मालक असते. डिझेलच्या गाडीत डिझेल मालक. हवा पुरेशी पाहिजे, बस. तुमचा टर्बो हवा ढकलायलाच बसलाय. पोट मोठं केलं तर तेवढं पोट भरायला टर्बोला अजून वेळ. घाटात पाय दिला की गाडी आधी विचार करंल, मंग उठंल. आधी जुना खोलून बघू. श्वास बारीक हाय हे पोराचं खरं असंल, पण कशानं ते बघू."

दीड-दोन तासांत खोलला. आणि इथं मी सगळ्या पिकअपवाल्यांना हात जोडून सांगतो, लाख-दीड लाख किलोमीटर झालेले असतील तर एकदा आत बघा. माझ्या मॅनिफोल्डच्या तोंडात अंगठा जाईना. डांबरासारखा काळा थर, कडेनं वाळून खडा झालेला, मध्ये चिकट. ईजीआरचा पाइप जिथं येऊन मिळतो तिथं तर पेन्सिल जाईल एवढीच वाट.

हे कशानं होतं ते चाचांनी सांगितलं आणि मला माझी आजी आठवली. ईजीआर म्हणजे सायलेन्सरकडं जाणाऱ्या धुरातला थोडा धूर परत इंजिनात आणायची सोय. त्यानं सिलेंडरातली आग जरा थंड राहते आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी होतात. धुरासोबत काजळी येते. दुसरीकडून इंजिनच्या ब्रीदरमधून, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, तेलाची वाफ येते, तीही हवेच्या त्याच वाटेनं जाते. काजळी अधिक तेल. आजी दिव्यावर वाटी उपडी धरून काजळी जमवायची, एरंडेलात खलायची आणि आम्हा पोरांच्या डोळ्यांत घालायची. माझी गाडी दोन लाख किलोमीटर मॅनिफोल्डात काजळ करत होती.

आता चाचांचं काम, ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो. खरवडायला लाकडी पट्टी आणि बोथट स्क्रू ड्रायव्हर, मग डिझेलमध्ये रात्रभर बुडवून, सकाळी कार्बन क्लीनरचे दोन डबे आणि ब्रश. शेजारच्या गॅरेजचा पोरगा येऊन म्हणला, "चाचा, कॉस्टिकमध्ये टाका ना, तासात चकाचक." चाचांनी त्याला हाकललं. कॉस्टिक सोडा लोखंडाला चालतो, अ‍ॅल्युमिनियमला खातो. नुसता रंग जात नाही, धातू जातो, गॅस्केटची बैठक खडबडीत होते आणि मग हवा तिथून फुसफुसत राहते. हे मला अनुभवानं माहीत आहे. मागं एका ठिकाणी माझ्या थर्मोस्टॅटच्या झाकणाचं असंच मातेरं झालं होतं, आणि 'कंपनीचा मालच खराब' असं सांगून मलाच नवं झाकण विकलं होतं.

हेडमधले पोर्टही तसेच भरलेले. ते काढताना मी शेजारी बसून होतो, कारण चुकलं तर इंजिनच उघडावं लागतं. चाचा पुढच्या पुलीला पाना लावून इंजिन हातानं फिरवायचे, ज्या सिलेंडरचे इनटेक व्हॉल्व्ह बंद आहेत त्याचाच पोर्ट खरवडायचे, बाकीच्यांत चिंध्या कोंबलेल्या. खडा व्हॉल्व्हमधून आत पडला की पिस्टनची वाट. मग व्हॅक्यूमनं ओढून घ्यायचं, परत पुली फिरवायची, पुढचा सिलेंडर. चार सिलेंडर, अख्खी दुपार. दोन लिटरचा ऑइलचा डबा कापून त्यात सगळं काळं जमवलं, अर्ध्याच्या वर भरला.

यावरून एक सांगतो. गावोगाव हजार-दीड हजारात 'न खोलता फवारा मारून साफ' करून देणारे आहेत. थर पातळ असेल तर चालत असेल. पण जाड थराचा खडा सुटून आत जाऊ शकतो, आणि ज्वलनशील फवारा चालू डिझेल इंजिनात जास्त गेला तर इंजिन त्याच्यावरच पळायला लागतं. चावी बंद केली तरी थांबत नाही. माझी गाडी बँकेची आहे, मी तो जुगार खेळत नाही.

मीच चाचांना म्हणलं, एवढा त्रास आहे तर ईजीआरला पत्रा मारून बंदच करा. बरेच जण करतात. चाचांनी केलं नाही. व्हॉल्व्ह खोलून साफ केला, हातानं दांडी खालीवर करून दाखवली, परत बसवला. म्हणले, पत्रा मारला की डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागून बसतो आणि पुढं काही खरंच बिघडलं तरी कळत नाही. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करायला 1988 च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम 52 आडवं येतं, आणि मालवाहू गाडीला 8 वर्षं भरली की पासिंग दरवर्षी. हे कलमाचं मी नंतर पासिंगच्या एजंटकडून ऐकलं. चाचांनी नुसतं "लफडं नको" एवढंच म्हणलं होतं.

बसवताना बोल्ट मधल्यापासून कडेकडं आवळत नेले, दोन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानं. जोडणी झाल्यावर रेस देऊन सगळ्या होजवर साबणाचं पाणी मारलं, पंक्चरवाला ट्यूबवर बघतो तसं. इंटरकुलरच्या (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करतो तो) खालच्या होजला बुडबुडे आले. बोटभर चीर, खालच्या बाजूनं, वरून दिसायची नाही. टर्बो ढकलत होता त्यातली थोडी हवा रस्त्यावरच सांडत होती. धुराचं निम्मं पाप तिचंही असणार. एअर फिल्टर मी दर महिन्याला हवा मारून वापरत होतो, आणि तेही बाहेरून आत. धूळ अजून आत रुतायची. चाचांनी फिल्टर उन्हाकडं धरून दाखवला. पलीकडं काही दिसलं नाही.

बिल: मजुरी 2,500, मॅनिफोल्ड आणि ईजीआरची गॅस्केटं 780, होज 1,150, फिल्टर 640, क्लीनर 700. वरचे 70 सोडले. 'बिल' म्हणलं खरं, पण ते गॅस्केटच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. ज्याला जीएसटीचं बिल लागतं त्यानं आधीच विचारून घ्यावं.

तक्रारी आहेत, लपवत नाही. 'संध्याकाळी घेऊन जा' म्हणले आणि गाडी तिसऱ्या दिवशी मिळाली. आंबे बहाराची मोसंबी निघालेली, माझा सोमवारचा बाजार बुडाला, भाड्याची गाडी करावी लागली. मधल्या काळात फोन उचलत नाहीत. हात तेलाचे असतात हे मान्य, पण पोराला तरी उचलू द्यावा. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पहिल्याच फेरीला गेवराईच्या पुढं बोनेटमधून शिट्टी वाजायला लागली. नव्या होजची वरची क्लिप सैल राहिली होती. मी पान्यानं आवळली, परत येताना दाखवलं. चाचांनी माफी वगैरे काही मागितली नाही, ज्या पोरानं बसवली त्याला हाक मारली, तीच क्लिप त्याच्याकडून तीन वेळा काढून घालून घेतली, आणि मला चहा पाजला. पैसे घेतले नाहीत.

आता चार महिने झाले. अ‍ॅव्हरेज भरलेल्या गाडीला साडेअकरा. नवी होती तेव्हाचं 12 परत आलं नाही, येईल असं मला वाटतही नाही, इंजेक्टर जुने आहेत. घाटाचं वर सांगितलंच. धूर गिअर टाकताना एक भपका, मग नाही. खरा फरक म्हणजे 1,800 आरपीएमच्या आसपास टर्बोचा जो धक्का पाठीला लागायचा आणि जो मी विसरूनच गेलो होतो, तो परत लागतो. पुतण्या म्हणतो, "मी म्हणलो नव्हतो, श्वासच बारीक हाय?" त्याला काय बोलणार.

ऑनलाइनवाल्यांनी मॅनिफोल्ड परत घेतला नाही. 'एकदा पॅकिंग फोडलं' हे एक कारण आणि 'फिटिंग प्रशिक्षित मेकॅनिककडून करून घ्यावं' हे दुसरं. पोर्टच्या पायरीचे मी काढलेले चार फोटो त्यांनी बघितले की नाही देव जाणे. तो सध्या शेडमध्ये युरियाच्या गोणीवर पडून आहे. एकाला पाचशे कमी करून विकायला निघालो होतो, पण तो माणूस सोलापूरच्या दर फेरीला घाटात भेटतो.

चाचांकडं जायचं असेल तर गाडी रिकामी न्या, दोन दिवस हातात ठेवा, आणि शुक्रवारी दुपारी जाऊ नका, तीन वाजेपर्यंत शेड बंद असतं. लिंबाखाली बाज आहे, तिच्यावर थांबता येतं.