औरंगपुऱ्यातील एक पुस्तक दुकान: वन्यजीव आणि संगीतशास्त्र

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात, शालेय पुस्तकांच्या दुकानांच्या रांगेतच, वन्यजीव संरक्षण आणि संगीतशास्त्र या दोनच विषयांची पुस्तके व नियतकालिके ठेवणारे एक लहान दुकान आहे. गेल्या दीड वर्षात मी तेथून नऊ पुस्तके आणली.

हे दोन विषय शेजारी का ठेवावेत, याचे उत्तर मला तेथेच घेतलेल्या ‘संगीत रत्नाकर’ या संस्कृत संगीतग्रंथाच्या टीकेसह छापलेल्या आवृत्तीत मिळाले. शार्ङ्गदेवाने हा ग्रंथ तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीत, म्हणजे आपल्या दौलताबादेत, रचला. त्याच्या स्वराध्यायात षड्ज मोराचा, ऋषभ चातकाचा, गांधार बोकडाचा, मध्यम क्रौंचाचा, पंचम कोकिळाचा, धैवत बेडकाचा आणि निषाद हत्तीचा स्वर सांगितला आहे. मात्र हा क्रौंच नेमका कोणता पक्षी, हे माझ्या प्रतीतील टीप सांगत नाही. दुकानदार काकांनी समोरच्या कपाटातून पक्षिमार्गदर्शिका काढून दिली, तेव्हा करकोचा आणि सारस यांची चित्रे व आवाजांची वर्णने ताडून पाहता आली. त्यांनी तासभर निवांत बसू दिले आणि खरेदीचा आग्रहही धरला नाही.

संगीताचे कपाट भक्कम आहे. संगीतशास्त्रज्ञ भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेचे सहाही भाग तेथे एकत्र मिळतात, आणि रागांच्या दहा थाटांतील, म्हणजे दहा मूळ स्वरसमूहांतील, वर्गीकरणावर आक्षेप घेणारी पुस्तकेही त्यांच्याच शेजारी असतात, हे मला विशेष मोलाचे वाटते. एका पुस्तकात अख्खा फर्मा (एकत्र छापलेल्या पानांचा गठ्ठा) गहाळ निघाला होता; ते पुस्तक काकांनी आठवड्यात बदलून दिले.

वन्यजीवांचे कपाट मात्र वाघांनी व्यापले आहे. ताडोबा आणि मेळघाटावर हवे तेवढे वाचायला मिळते. पण जायकवाडीचे पाणपक्षी, गौताळ्याचे जंगल किंवा बीड जिल्ह्यातील नायगावचे मयूर अभयारण्य यांवर स्वतंत्र पुस्तक मला तेथे आढळले नाही. लांडगा, काळवीट आणि धाविक पक्षी ज्या माळरानावर जगतात, त्याची नोंद पडीक जमीन म्हणून होते आणि मग तेथे नांगर फिरतो किंवा झाडे लावली जातात. मराठवाड्याच्या वाचकाला हे समजावून सांगणारे साहित्य याच दुकानात सर्वांत आधी असायला हवे. मी तसे काकांना सांगितले. त्यांनी मागणीच्या वहीत ‘माळरान’ असे लिहून पुढे माझा दूरध्वनी क्रमांक टिपून घेतला.